स्कॉटलंडने स्वतःची पार्लमेंट का मोडली?

प्रश्न : इंग्लंडने स्कॉटलंड लढाई करून जिंकलं नाही असं वाचलं. मग दोन देश एक झाले कसे? स्कॉटिश पुढारी पैशाला विकले गेले म्हणतात ते खरं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : गोव्यात बसून हे उत्तर द्यायला मला जास्तच आवडेल, कारण स्कॉटिश पार्लमेंटने विलीनीकरणाला शेवटची मंजुरी दिली ती १६ जानेवारी १७०७ ला, आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरचा आपला जनमत कौल झाला १६ जानेवारी १९६७ ला. योगायोगच, पण ही तारीख दिसली की माझ्या डोळ्यांसमोर त्या मतदानाची चिन्हं, वेगळं राहण्याची दोन पानं आणि विलीनीकरणाचं फूल, येतातच.

राजा १६०३ पासून एकच होता बघा. एलिझाबेथ राणी मूलबाळ नसताना वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. पण पार्लमेंट दोन, कायदे वेगळे, आणि इंग्लंडच्या वसाहतींशी धंदा करायचा तर स्कॉटिश जहाजांना मज्जाव. म्हणून त्यांनी स्वतःची कंपनी काढली, देशातूनच चार लाख पौंडांचं भांडवल कबूल करून घेतलं आणि पनामाच्या चिंचोळ्या पट्टीत डेरियन इथे वसाहत करायची ठरवलं. १६९८ मध्ये लीथ बंदरातून पाच जहाजं निघाली, साधारण १२०० माणसं, आणि विकायला बरोबर काय, तर विग, कंगवे, लोकरीचे मोजे. त्या दमट जंगलात कोण घेणार होतं? ताप आला (तापाने जुन्या गोव्याची काय दशा केली ते आपल्याला सांगायला नको), अन्न संपलं, आणि त्यांच्याच राजाने, जो इंग्लंडचाही राजा होता, आपल्या इंग्लिश वसाहतींना हुकूम दिला की यांना मदत करू नका. नंतर दुसरी तुकडी गेली, तिला स्पेनने वेढलं. १७०० मध्ये सगळं आटोपलं, दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. हे मला आजही वाचवत नाही, कारण त्याच दशकात घरी पिकं बुडून दुष्काळ पडला होता.

इंग्लंडची काळजी वेगळी, वारसाची. अ‍ॅन राणीचं एकही मूल जगलं नाही. इंग्लंडने १७०१ मध्ये परस्पर ठरवून टाकलं की गादी हॅनोव्हरच्या सोफियाच्या प्रोटेस्टंट घराण्याकडे जाईल. स्कॉटलंड भडकलं, आम्ही आमचा राजा वेगळा निवडू शकतो असा कायदाच त्यांनी केला. इकडे फ्रान्सशी युद्ध चालू आणि स्टुअर्ट या जुन्या राजघराण्याचा हद्दपार वारस फ्रान्सच्याच आश्रयाला, म्हणजे मागचं दार उघडं. मग १७०५ मध्ये लंडनने दम भरला की बोलणी सुरू करा, नाहीतर तुमची गुरं, लिनन, कोळसा आमच्याकडे येणार नाही आणि तुमची माणसं परकी धरली जातील. उद्या पत्रादेवीच्या नाक्यावर गोव्याचा सगळा काजू अडवला तर आपली काय गत होईल, तसंच ते. हा दम देणारा कायदा लंडनने नंतर मागे घेतला, पण तोवर काम झालं होतं.

आता पैसा. करारात स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड मिळायचे होते, इंग्लंडच्या जुन्या कर्जाचा भार वाटून घ्यावा लागणार त्याची भरपाई म्हणून, आणि त्यातूनच डेरियनच्या भागधारकांना व्याजासकट पैसे परत. शिवाय २०,००० पौंड गुपचूप पाठवले गेले, थकलेल्या पगाराच्या नावाखाली वाटले गेले. तरी 'विकले गेले' हे मला अर्धंच पटतं. वसाहतींचा बाजार खुला झाला, त्यांचे कायदे, कोर्टं आणि चर्च त्यांच्याकडेच राहिलं, हे काही थोडं नाही. ११० मतं बाजूने पडली त्यात हा हिशेबही होता.

माझी तक्रार दुसरीच आहे. एडिंबरा, ग्लासगोत दंगली झाल्या, गावोगावहून विरोधाचे अर्ज आले, पण साध्या माणसाला कुणी विचारलंच नाही. आमचे आजोबा फुलाचे, शेवटपर्यंत हळहळायचे, पण १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० हे आकडे त्यांना तोंडपाठ होते आणि लोकांनी मोजून दिलेला निकाल आहे म्हणून ते मान्य करायचे. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याकडे असा आकडाच नव्हता. ऑगस्ट १७०७ मध्ये भरपाईच्या गाड्या घोडेस्वारांच्या पहाऱ्यात एडिंबऱ्यात आल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड मारले, आणि गाड्यांत नाणी थोडी, बाकी सगळा लंडनचा सरकारी कागद होता.