वाचकांचे प्रश्न : स्वादुपिंड काढल्यानंतरचा मधुमेह

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. चार महिन्यांपूर्वी गाठीमुळे माझ्या बाबांचे (वय ६१) स्वादुपिंड पूर्णपणे काढावे लागले. त्यासोबत प्लीहाही काढली. त्यांना पूर्वी मधुमेह नव्हता. आता रात्री १० युनिट ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारे इन्सुलिन), तिन्ही जेवणांआधी ४-४ युनिट लवकर काम करणारे इन्सुलिन आणि पचनासाठी कॅप्सूल चालू आहेत. आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे साखर तपासणे आमच्या घराला नवे नाही. पण बाबांची साखर कधी २८०, तर कधी ५०. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहा वाजता २४० निघाली म्हणून मी आणखी ४ युनिट दिले. पहाटे तीन वाजता ते घामाने भिजले होते आणि असंबद्ध बोलत होते. साखर ४६ होती. आईने बिस्किटे भरवली, पण बराच वेळ साखर वर येईना. वहीचे एक पान सोबत पाठवत आहे. आमचे काय चुकते?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्ही वही इतकी नीट ठेवली आहे, की उत्तराचा बराचसा भाग तिच्यातच सापडतो. पहिली गोष्ट मनाशी पक्की करा : तुमच्या आईचा मधुमेह आणि बाबांचा मधुमेह हे दोन वेगळे आजार आहेत, आणि आईच्या आकड्यांवरून बाबांचा डोस ठरवता येत नाही. आईच्या शरीरात इन्सुलिन अजून तयार होत असावे, मात्र त्याचा परिणाम कमी पडतो. बाबांच्या शरीरात ते मुळीच तयार होत नाही, आणि बाहेरून दिलेल्या इन्सुलिनचा त्यांच्यावर चांगला परिणाम होतो. स्वादुपिंडाबरोबर ग्लुकागॉन हे संप्रेरकही गेले आहे. साखर घसरू लागली की यकृताला साठा मोकळा करायला सांगणारे हे संप्रेरक. ते नसल्यामुळे घसरण सुरू झाली की तिला आतून आवर घालणारे फारसे काही उरत नाही. म्हणून स्वादुपिंड पूर्ण काढलेल्या रुग्णांना इन्सुलिन अनेकदा कमी लागते, पण चुकीला जागाही कमी मिळते. या आजारात मला २४० पेक्षा ४६ ची धास्ती कितीतरी जास्त वाटते, आणि तुमच्या सगळ्या कुटुंबाने तसेच मानावे असे मी आग्रहाने सांगेन.

आता त्या रात्रीचे पान पाहू. रात्रीचे जेवण नऊ वाजता झाले आणि त्याआधी ४ युनिट दिले. साडेदहाची २४० ही जेवणानंतर अवघ्या दीड तासाची साखर आहे. भात आणि नारळाच्या वाटणाचे हुमण (माशांची आमटी) खाल्ल्यावर ती तेवढी चढणारच. जेवणाआधी दिलेले इन्सुलिन साधारण चार तास काम करते, म्हणजे त्या वेळी त्याचे निम्म्याहून अधिक काम शिल्लक होते. त्यावर तुम्ही दुसरा डोस चढवला. एक युनिट इन्सुलिन किती साखर उतरवते याचा ढोबळ अंदाज काढण्यासाठी डॉक्टर १८०० या आकड्याला दिवसभराच्या एकूण युनिटांनी भागतात. बाबांचे दिवसाचे २२ युनिट धरले तर उत्तर सुमारे ८० येते. म्हणजे जादा ४ युनिटांमध्ये ३०० हून अधिक साखर उतरवण्याची ताकद होती, आणि उतरवायची होती फार तर ८०-९०. यात तुमचा निष्काळजीपणा नाही. हे गणित तुम्हाला कोणीतरी कागदावर मांडून द्यायला हवे होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या : एक युनिट किती साखर उतरवते, कोणत्या आकड्यापुढे जादा डोस द्यायचा, आणि दोन डोसांमध्ये किमान किती तास जायला हवेत. झोपण्यापूर्वीचा जादा डोस तर त्यांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय देऊच नका. झोपताना साखर १४० ते १८० च्या दरम्यान असली तर मी अशा रुग्णाला निश्चिंत झोपायला सांगते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

वहीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. कॅप्सूलच्या रकान्यात जवळजवळ रोज ‘जेवणानंतर’ असे लिहिले आहे, आणि काही दुपारी तो रकाना रिकामाच आहे. या कॅप्सूलमध्ये चरबी, पिष्ट आणि प्रथिने पचवणारे ते रस आहेत, जे पूर्वी स्वादुपिंड स्वतः सोडत असे. त्या अन्नात मिसळल्या तरच उपयोगी पडतात. इन्सुलिन ताटातल्या भातासाठी दिले, पण कॅप्सूल राहून गेली म्हणून तो भात पुरता पचलाच नाही, तर इन्सुलिन आपले काम करते आणि रक्तात यायची साखर येत नाही. ‘पोटभर जेवले तरी साखर घसरली’ असे जे तुम्ही दोन ठिकाणी लिहिले आहे, त्याचे हे कारण असण्याची दाट शक्यता मला वाटते. मुख्य जेवणाला सामान्यतः लायपेजचे (चरबी पचवणाऱ्या रसाचे) ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, अशी सुरुवात केली जाते. दोन कॅप्सूल असतील तर एक पहिल्या घासाबरोबर आणि दुसरी जेवणाच्या मध्यावर घ्यावी. त्या चावू नयेत, गरम चहाबरोबर घेऊ नयेत आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवू नयेत. शौच फिकट, तेलकट, भांड्याला चिकटणारे किंवा पाण्यावर तरंगणारे असेल आणि वजन उतरत असेल, तर डोस पुरत नाही असे समजून डॉक्टरांना सांगा; हे सांगताना संकोच करू नका, कारण रुग्णाकडून न कळल्यास डॉक्टरांना ते कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. मात्र एक लक्षात ठेवा : कॅप्सूल नीट सुरू झाल्या की अन्न अंगी लागते आणि साखर वाढते. तेव्हा इन्सुलिन वाढवावे लागेल, आणि ती प्रकृती सुधारत असल्याची खूण आहे. केवळ आकडा वाढला म्हणून कॅप्सूल बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. ती चूक अंगावर येते.

बाबांची भूक अजून अनिश्चित असेल, दोन घासांत ताट बाजूला सारत असतील, तर लवकर काम करणारे इन्सुलिन जेवणाच्या आधी न देता जेवण संपताच, खाल्लेल्या प्रमाणात देता येते का, हे डॉक्टरांना विचारा. सकाळी अकराची उकड्या तांदळाची पेज तुम्ही ‘हलके खाणे’ म्हणून लिहिली आहे. पातळ असली तरी तो भातच आहे. तिच्यासाठी कॅप्सूल लागते, आणि इन्सुलिन लागते की नाही हे पेजेनंतर दोन तासांनी तपासून कळेल.

साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचे, याबाबत बिस्किटांचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. बिस्किट किंवा पाव यांतले पिष्ट पचायला तेच पाचक रस लागतात, जे बाबांकडे नाहीत. चॉकलेट आणि लाडू त्यांतल्या तुपाचरबीमुळे उशिरा पचतात. म्हणून ग्लुकोजची पूड उशाशी, खिशात आणि पिशवीत ठेवा. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि तरीही ७० च्या वर नसेल तर तेवढेच पुन्हा द्या. सावरल्यानंतर थोडे खाणे द्या, आणि तेही कॅप्सूलसह. ते शुद्धीत नसतील तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते टोचा. ते कसे टोचायचे हे घरातल्या किमान दोघांनी आधी शिकून घ्यावे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ताप, उलट्या किंवा उपवास यांमुळे बाबा काही खात नसले तरी रात्रीचे ग्लार्जिन पूर्ण बंद करायचे नाही. डोस किती कमी करायचा ते फोनवर विचारा, पण शून्य करू नका. अशा दिवशी दर चार तासांनी साखर तपासा, आणि उलट्या थांबत नसतील तर रुग्णालय गाठा. शेजारीपाजारी गोळ्यांचा, कारल्याच्या रसाचा किंवा एखाद्या काढ्याचा सल्ला देतील. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला तीव्र मधुमेह झाला. माणसाला वाचवणारे इन्सुलिन हाती यायला त्यानंतर १९२२ साल उजाडावे लागले. बाबांसाठी इन्सुलिनला पर्याय नाही, आणि हे त्या भल्या माणसांना स्पष्टपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांची सहा महिन्यांपूर्वी व्हिपल शस्त्रक्रिया झाली. इन्सुलिन जन्मभर घ्यावे लागेल का? ते स्कूटरने कामावर जातात आणि इन्सुलिनचे पेन डिकीत ठेवतात. चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते, त्याचीही काळजी वाटते.
— एक वाचक भगिनी, पेडणे

उत्तर : व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके काढतात, शरीर आणि शेपटी बहुधा शिल्लक राहतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शेपटीच्या भागात अधिक दाट असतात, म्हणून काही रुग्णांचे इन्सुलिन पुढे कमी होते, काहींचे सुटतेही. ज्यांना आधीपासून मधुमेह होता किंवा ज्यांचे उरलेले स्वादुपिंड जुन्या सुजेने खराब झाले आहे, त्यांना ते लागत राहण्याची शक्यता अधिक. सी-पेप्टाइड ही रक्ताची तपासणी शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगते. तोपर्यंत मनाने डोस सोडू नये.

पेन डिकीत अजिबात ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरची डिकी इतकी तापते की इन्सुलिन निकामी होते, आणि पेनमधले पाणी मात्र पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, बर्फाच्या खणात मुळीच नाही. वापरात असलेले पेन ३० अंशांखालच्या तापमानात बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालते; आपल्या पेनची मुदत त्याच्या वेष्टनावर वाचा. वीज गेली तर मातीच्या ओल्या मडक्यात पेन कोरड्या डब्यात घालून ठेवता येते, पण पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत मडके उन्हाळ्याइतके थंड होत नाही, हे ध्यानात असू द्या. स्कूटरला किल्ली लावण्यापूर्वी यजमानांनी साखर तपासावी, आणि ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन, पुन्हा तपासून मगच निघावे.

चवथीला एखादी नेवरी (करंजी) त्यांनी जेवणाबरोबर खावी, जेवण झाल्यावर तासाभराने वेगळी नव्हे, म्हणजे ती त्याच इन्सुलिनच्या आणि कॅप्सूलच्या हिशेबात बसते. दारू मात्र, फेणी असो वा बिअर, पूर्ण वर्ज्य. ती यकृताला साखर सोडू देत नाही आणि घसरण कित्येक तासांनी, झोपेत येते.

प्रश्न : प्लीहा काढली आहे, म्हणून लसी घ्यायला सांगितल्या. मधुमेहाशी त्यांचा काय संबंध? एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८ आली, पण मीटरवरची साखर बरी असते, असे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : प्लीहा रक्तातले काही घातक जंतू गाळते. ती नसली की न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्यापासून जपावे लागते, आणि मधुमेहात संसर्ग अधिक बळावतो. म्हणून या लसी टाळू नका. तसेच प्लीहा काढल्यावर तांबड्या पेशी जास्त काळ टिकू शकतात आणि एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा वाढलेली दिसू शकते. याउलट रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर ती कमी दिसते. तेव्हा केवळ त्या एका आकड्यावरून डोस वाढवू नये. मीटरची वही दाखवूनच निर्णय घ्या. आणि १०१ अंश किंवा त्याहून जास्त ताप थंडी वाजून आला, तर घरी पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की तुमची प्लीहा काढली आहे आणि तुम्ही इन्सुलिनवर आहात.