बातमीत आरोपीची जात कुठून येते?

तुम्ही विचारलंय, अमेरिकेत काळ्या आरोपीचा पोलिसांनी काढलेला फोटो छापतात आणि गोऱ्याचा घरच्या अल्बममधला हसरा, तसं आपल्याकडे होतं का? होतं. आपल्याला फोटोही लागत नाही, एक शब्द पुरतो.

सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर मी नऊ वर्षं क्राइमच्या बातम्या लावल्या. संध्याकाळी पोलिसांची प्रेसनोट यायची, तिच्यात नावाआधी जमात. आम्ही डोळे झाकून मथळा द्यायचो, 'पारधी टोळी जेरबंद'. बँकेत अपहार झाला की मात्र 'व्यवस्थापकाला अटक'. त्याची जात कोण विचारतो? गुन्हेगाराची जात अशी देऊ नये, हे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. मी ते वाचलं नोकरीच्या पाचव्या वर्षी.

आमच्या गावात याचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेत. कायदा १९५२ साली गेला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच. रिक्षावाल्याला सांगून बघा, आधी आरशातून तुम्हाला न्याहाळेल.

हे मथळ्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. नाशिकचं २००३ चं प्रकरण घ्या. दरोडा, बलात्कार, पाच खून. पकडले भटक्या जमातीतले सहा मजूर. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळेच लोक ओळखले होते, पण त्यांच्यामागे तपास गेलाच नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळातच उघड झालं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. प्रेसनोटला रकाना नसतो, त्यामुळे तिथून काय काढणार?

त्या सहा जणांच्या सुटकेची बातमी आली तेव्हा डेस्कवर मीच होतो. आतल्या पानावर, एका कॉलमात लावली. वर जागा नव्हती, कुठल्याशा टोळीला त्याच दिवशी पकडलं होतं.