राष्ट्रीय नेत्यांची घरे खरोखर खासगी असत का?

राष्ट्रीय नेत्यांची स्वतःची घरे आणि विश्रांतीसाठी जाण्याची ठिकाणे खरोखर खासगी असत का, आणि मुंबईत त्यांपैकी काय पाहता येईल, असे आपण विचारले आहे. मी दादरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला आणि जवळजवळ दर वर्षी नववीच्या मुलांना घेऊन गावदेवीच्या मणिभवनात गेलो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. माझे मत आधीच सांगतो: स्वातंत्र्यपूर्व काळातील आपल्या मोठ्या नेत्यांना राहायला घर मिळाले, पण दार लावून स्वस्थ बसणे त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही, विश्रांतीसाठी म्हणून काढलेले दिवस तर अनेकदा सर्वांत धामधुमीचे ठरले.

मणिभवन हे गांधीजींचे घर नव्हे. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर, आणि १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजी तेथे उतरत. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली काचेआडून पाहावी लागते. जमिनीवर अंथरलेली गादी, बसकी मेजे आणि चरखे, एवढेच सामान तेथे आहे. एका वर्षी एका मुलीने काचेला नाक लावून बराच वेळ आत पाहिले आणि विचारले, "सर, त्यांना एकटे बसायचे असले तर ते कुठे बसत?" मी त्या सर्वांना गच्चीवर नेले. गांधीजी गच्चीवर तंबूत झोपत, आणि ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना तेथूनच अटक केली, एवढेच मी सांगितले. त्या मुलीला उत्तर मिळाले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मात्र आपला प्रश्न वाचताना मला प्रथम तीच आठवली.

आता विश्रांतीस्थानांकडे वळतो, कारण हा भाग फारसा कोणी सांगत नाही. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची कैदेतून सुटका केली आणि प्रकृती सुधारावी म्हणून ते जुहूला समुद्रकाठी मोरारजी कुटुंबाच्या बंगल्यात येऊन राहिले. त्या काळचे जुहू म्हणजे माडांची आणि वाळूची शांत जागा. डॉक्टरांच्या दृष्टीने याहून चांगले ठिकाण नव्हते. परंतु कायदेमंडळात जावे की त्यावर बहिष्कार कायम ठेवावा, या प्रश्नावर काँग्रेस तेव्हा दुभंगलेली होती, त्यामुळे मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास तेथे येऊन पोहोचले आणि आजारातून उठत असलेल्या माणसाशी त्यांच्या वाटाघाटी चालल्या. वीस वर्षांनी, ६ मे १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कैदेतून सुटल्यावर, गांधीजी पुन्हा जुहूलाच आले. कस्तुरबा आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाई या दोघांचेही त्या बंदिवासातच निधन झाले होते आणि गांधीजींची स्वतःची प्रकृती हिवतापाने खालावली होती. जुहूतील एका रस्त्याला आज गांधीग्राम हे नाव आहे. तेथून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना ते नाव कशामुळे पडले हे ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुहूनंतर त्याच वर्षी जुलैत हवापालटासाठी ते पाचगणीला ‘दिलखुश’ बंगल्यात गेले. तेथून १७ जुलै १९४४ रोजी त्यांनी महंमद अली जिना यांना गुजरातीत पत्र लिहून भेटीची इच्छा कळवली. जिना त्या वेळी स्वतःही उन्हाळा टाळण्यासाठी काश्मीरमध्ये होते, आणि श्रीनगरच्या एका हाउसबोटीवरून २४ जुलैला त्यांनी उत्तर पाठवले की, परतल्यावर मुंबईतील माझ्या घरी भेटू. देशाची फाळणी व्हावी की नाही, या प्रश्नावरची सर्वांत महत्त्वाची बोलणी अशी एका थंड हवेच्या ठिकाणाहून दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी गेलेल्या पत्राने ठरली. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर दुसरे सापडणार नाही.

मध्यंतरी जिनांची प्रकृती बिघडल्याने भेट लांबली आणि ९ सप्टेंबरला मलबार हिलवर माउंट प्लेझंट रोडवरील त्यांच्या बंगल्यात बोलणी सुरू झाली. गांधीजींचा मुक्काम त्याच रस्त्यावरच्या बिर्ला हाउसमध्ये होता. १९४२ मध्ये ९ ऑगस्टच्या पहाटे त्यांना अटक झाली ती याच घरातून. बोलणी २७ सप्टेंबरपर्यंत चालली आणि निष्फळ ठरली. जिनांनी हा बंगला १९३६ च्या सुमारास वास्तुविशारद क्लॉड बॅटले यांच्याकडून हौसेने बांधून घेतला होता, त्यात इटालियन संगमरवर आणि अक्रोडाचे लाकूड वापरले होते. परंतु १९४७ नंतर मालकाला तेथे पुन्हा राहता आले नाही. पुढे अनेक वर्षे ब्रिटिश उप-उच्चायुक्तांचे निवासस्थान तेथे होते. आज ती वास्तू भारत सरकारच्या ताब्यात आहे, लोकांना आत जाता येत नाही, आणि बाहेरून झाडांमागचा थोडासा भागच दिसतो. केवळ ते पाहण्यासाठी वाट वाकडी करावी असे मी सांगणार नाही.

लोकमान्य टिळकांविषयी थोडक्यात लिहितो. त्यांचे विश्रांतीस्थान सिंहगडावरचा बंगला. तो गडावर आजही उभा आहे आणि तेथे ते उन्हाळ्यात राहत, पण तेथेही लेखन-वाचन सुटत नसे. मुंबईत मात्र त्यांचे घर नव्हते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले तेही त्या उतारूगृहातच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’ मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण या सर्वांत स्वतःच्या गरजेसाठी विचारपूर्वक बांधलेले आणि पुढे स्वतःचेच राहिलेले घर ते एकच आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत त्यांच्या संसाराची अनेक वर्षे गेली. पुस्तके वाढत होती आणि जागा वाढत नव्हती. म्हणून १९३० नंतरच्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी हे घर बांधले, त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले आणि बांधतानाच ग्रंथसंग्रहासाठी वेगळी जागा राखली. माणसांच्या सोयीइतकाच पुस्तकांच्या सोयीचा विचार करून बांधलेले राष्ट्रीय नेत्याचे दुसरे घर मला माहीत नाही. रमाबाईंना मात्र ते फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. पुढे बाबासाहेब दिल्लीत सरकारी बंगल्यांत राहिले, १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते अलीपूर रोडवरच्या घरात गेले आणि तेथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणून राजगृहात ठेवण्यात आले आणि ७ डिसेंबरला अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे गेली.

राजगृहात आजही कुटुंबीय राहतात. पाहता येतो तो तळमजल्यावरचा स्मारकाचा भाग. म्हणून तेथे जाताना आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत हे भान ठेवून हळू बोलावे, असे मी मुलांना आधीच सांगत असे. दोन्ही घरे एका दिवसात सहज होतात. सकाळी ग्रँट रोड स्थानकावर उतरून मणिभवन पाहावे, पश्चिम रेल्वेनेच दादरला यावे आणि पूल ओलांडून पूर्वेला हिंदू कॉलनीकडे चालत जावे. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला आलेले हजारो लोक राजगृहाच्या दाराशीही येतात. निवांतपणे पाहायचे असेल तर दुसरा दिवस निवडा; पण गावोगावाहून आलेल्या आजीबाई त्या घराच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात, ते पाहायचे असेल तर मात्र त्याच दिवशी जा.