जुन्या गेमिंग संगणकात आधी काय बदलावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

२०१६ ते २०१९ या काळात घेतलेले संगणक आता नव्या गेमपुढे दमू लागले आहेत, आणि या वेळी आलेले बहुतेक प्रश्न अशाच यंत्रांबद्दल आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे चुकीच्या भागावर केलेला खर्च आता पूर्वीपेक्षा जास्त जाचतो. म्हणून खालील उत्तरांत मी आधी मोजमाप आणि नंतर खरेदी असा क्रम धरला आहे.

प्रश्न : २०१७ साली घेतलेल्या माझ्या संगणकात आय५-७४०० प्रोसेसर, जीटीएक्स १०६० (६ जीबी) कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि हार्ड डिस्क आहे. व्हॅलोरंट मधूनमधून अडकतो आणि मोठे गेम तर चालतच नाहीत. नवे ग्राफिक्स कार्ड घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

कार्ड घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर बसवले की खेळत असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रे), कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (गणन करणाऱ्या स्वतंत्र भागाचा) वापर, रॅम आणि तापमान हे सारे दिसते. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड आपली पूर्ण ताकद लावत आहे आणि फ्रेम त्याच्यामुळेच कमी पडत आहेत. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, आणि गेममध्ये एफपीएसची मर्यादा किंवा व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे, असे समजावे. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र भिस्त ठेवू नका, कारण गेमचा मुख्य भार बहुधा एकदोन थ्रेडवर (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या कामाच्या धाग्यांवर) असतो आणि एक कोअर पूर्ण दमलेला असतानाही एकूण आकडा ६० टक्के दिसू शकतो. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर अडचण कार्डाची आहे, आणि जवळजवळ तितक्याच राहिल्या तर प्रोसेसरची किंवा रॅमची.

तुमच्या संचाची रचना पाहता, व्हॅलोरंट अडकण्याचे कारण कार्ड असेल असे मला वाटत नाही. हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक अवलंबून आहे, आणि आय५-७४०० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. सोबत डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडे असतील तर त्यांनाही त्याच चार थ्रेडमध्ये जागा करून द्यावी लागते. त्यातही एकच रॅम-स्टिक असल्याने दोनपैकी एकच चॅनल वापरात येतो आणि मेमरीचा वेग निम्म्यावर राहतो. ८ जीबी भरली की विंडोज उरलेला मजकूर हार्ड डिस्कवर लिहू लागते, आणि गेमला तो परत हवा असतो त्या क्षणी चित्र गोठते. सरासरी एफपीएस बरा दिसत असूनही खेळताना त्रास होतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. म्हणून पहिला खर्च एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आणि आहे त्याच वेगाची दुसरी ८ जीबी स्टिक एवढाच करा. भाव चढलेले असल्याने विश्वासू विक्रेत्याकडची वापरलेली डीडीआर४ स्टिकही चालेल. रॅम हा संगणकातला सहसा न बिघडणारा भाग आहे.

आता पुढचा विचार. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. म्हणजे तुमचा प्रोसेसर त्या यादीत नाही, आणि तुमच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसरही चालत नाही, जरी सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसण्याच्या जागेचे, नाव तेच असले तरी. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत, तेवढी सवड तुमच्या हाती आहे. या सवडीत याच बोर्डावर जुना आय७-७७०० बसवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याचे आठ थ्रेड उपयोगी पडतात हे खरे, पण विंडोज ११ चा प्रश्न तसाच राहतो, म्हणून मी त्यात पैसे घालणार नाही. त्याऐवजी आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ घेणारा एच६१० किंवा बी६६० बोर्ड पाहा. त्यावर तुमच्या दोन्ही रॅम-स्टिक, एसएसडी आणि आताचे कार्ड जसेच्या तसे जातात आणि आधी केलेला खर्च वाया जात नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे कार्ड बिघडले तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. शिवाय संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा जुन्या मदरबोर्डशी बांधलेला असतो, तेव्हा नव्या परवान्याचा खर्च आधीच हिशेबात धरा. कार्ड सर्वांत शेवटी बदला.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ आणि आरएक्स ५७० आहे. दुकानदार म्हणतात की हे सगळे जुने झाले, एएम५ वर जा. तसे करावे का? (एक वाचक, सांगली)

माझ्या मते करू नये, आणि आताच्या रॅमच्या भावात तर नाहीच. एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिन्ही नव्याने घ्यावे लागतात आणि हातातली १६ जीबी निकामी होते.

तुम्ही ज्या एएम४ सॉकेटवर आहात, त्याने रायझनच्या पहिल्या पिढीपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर सामावून घेतले, आणि घरगुती संगणकाच्या बाबतीत ग्राहकाला मिळालेली ही फार मोठी सोय आहे. तुमच्या बोर्डावर बायोस (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ५ ५६०० बसतो. कोअर सहाच आणि थ्रेड बाराच, मग फरक कशाने पडतो, असा प्रश्न साहजिकच पडेल. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःची ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधील छोटी, वेगवान मेमरी) आहे. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असली की वेळ लागतो, आणि गेमच्या कामात ही देवाणघेवाण सतत चालू असते. ५६०० मध्ये सर्व कोअर एकाच गटात असून ३२ एमबी कॅश सगळ्यांना मिळून वापरता येते. शिवाय प्रत्येक कोअरचा वेगही जास्त आहे. याच कारणामुळे ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी, जो एप्रिल २०२२ मध्ये आला, आजही गेमसाठी मागणीत आहे. तो नवा मिळणे अवघड झाले आहे, आणि वापरलेल्याचा भाव अवाच्या सवा सांगितला जात असेल तर ५६०० किंवा आठ कोअरचा ५७००एक्स घेऊन समाधान मानावे. ५७००एक्स सोबत कूलर येत नाही, हे विसरू नका.

बायोसचे काम जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचे असते. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डाचे नेमके मॉडेल आणि आवृत्ती शोधून, ५६०० ला कोणत्या बायोसपासून आधार आहे ते पाहावे आणि त्या पानावरच्या सूचना शेवटपर्यंत वाचाव्यात, कारण काही बोर्डांवर मधला एखादा बायोस आधी चढवावा लागतो. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच होणार नाही असे घडू शकते, म्हणून यूपीएस नसेल तर शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणा, पण भारनियमनाच्या वेळी हा धोका पत्करू नका. काम झाल्यावर बायोसमधील एक्सएमपी (रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू आहे का ते पाहा. ३२०० चा वेग छापलेली रॅम ही एक सेटिंग बंद असल्यामुळे वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० वर चालत असल्याचे मी अनेक घरांत पाहिले आहे.

यानंतर आरएक्स ५७० बदला. तुमच्या बोर्डावर कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ३.० ही जोडणी आहे आणि प्रोसेसर बदलला तरी ते ३.० च राहील. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० सारखी कार्डे आठ लेन (माहिती नेणाऱ्या वाटा) वापरतात, त्यांचे ३.० वर होणारे नुकसान थोडे असते. आरएक्स ६५००एक्सटी मात्र टाळा, कारण ते चारच लेन वापरते, त्यात मेमरीही ४ जीबीच आहे, आणि तुमच्या बोर्डावर त्याची ओढाताण स्पष्ट जाणवेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. गेम खेळताना संगणक अचानक बंद होतो, म्हणून तो नवे कार्ड मागतो आहे. मला यातले फारसे कळत नाही. (एक पालक, अकोला)

आपण घाईने कार्ड घेतले नाहीत हे उत्तम केलेत. भार वाढताच संगणक बंद पडणे हे बहुधा उष्णतेचे किंवा एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) बिघाडाचे लक्षण असते. अशा वेळी जास्त वीज खाणारे नवे कार्ड लावले तर त्रास वाढतो.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि खोलीचे तापमान जितके वाढते, जवळपास तितकेच आतल्या भागांचेही वाढते. मुलाला सांगून कॅबिनेटचे झाकण उघडून पाहा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा थर बसलेला असेल, तर यंत्र बंद करून, वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बरीच वर्षे जुनी असेल तर ती बदलून घ्यावी. याला फार खर्च येत नाही. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र सोडू नका. त्या हवेतला ओलावा आणि धूळ मिळून बोर्डावर जे साठते, ते वाईट असते.

एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे लिहिलेले असले तरी लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा वाचा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः त्यावरच चालतात. तिथे २० अँपिअर लिहिले असेल तर मिळणारी शक्ती २४० वॅटच आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर तो आधी बदला, आणि नामांकित कंपनीचा, काही वर्षांची वॉरंटी असलेला, ५५० वॅटचा घ्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातील अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलावा. हे काम इतर कोणत्याही खरेदीच्या आधी झाले पाहिजे, कारण त्यात मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

प्रश्न : वापरलेले कार्ड घ्यायचे आहे. जीटीएक्स १०७० आणि आरएक्स ५८० स्वस्तात मिळत आहेत. मायनिंगला वापरलेले कार्ड कसे ओळखावे? (एक वाचक, रत्नागिरी)

इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवणे) १५ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले आणि त्यानंतर अशी कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. कार्ड मायनिंगला वापरले होते का, यापेक्षा ते किती तापत राहिले आणि आज कसे चालते, हे मला महत्त्वाचे वाटते. विक्रेत्यासमोरच अर्धा तास ताण देणारी चाचणी चालवा, तापमान पाहा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेषा येतात का ते बघा. जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर सोबत न्या. आरएक्स ५८० च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही कार्डांमध्ये २३०४ ऐवजी २०४८च शेडर (चित्र रंगवणारे गणन-घटक) असतात, म्हणजे प्रत्यक्षात ते ५७० च्या दर्जाचे कार्ड असते. जीपीयू-झेडमध्ये ते लगेच दिसते. कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या कार्डावर स्क्रू आणि पोर्ट गंजले आहेत का, हेही पाहा.

खरी अडचण वेगळीच आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमना अनुरूप ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आणि आता केवळ सुरक्षा अपडेट मिळतात. शिवाय या दोन्ही कार्डांमध्ये रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र बनवण्याचे) हार्डवेअर नाही. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ हे गेम त्या हार्डवेअरवाचून सुरूच होत नाहीत, आणि अशा गेमची संख्या वाढणार आहे. म्हणून थोडे थांबून, थोडे पैसे जमवून, वापरलेले आरटीएक्स २०६०, आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० पाहा. मूळ बिल मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण वॉरंटीचा दावा करताना त्याची गरज पडते.

प्रश्न : कार्यालयातून निघालेला छोट्या आकाराचा आय५-४५७० संगणक स्वस्तात घेतला आहे. त्यात कोणते कार्ड बसेल? (एक विद्यार्थी, लातूर)

लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) आकारातले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड. त्याची मर्यादा ७० वॅट असल्याने त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही, आणि अशा संगणकांतील एसएमपीएसचे कनेक्टर बहुधा कंपनीचे खास असल्यामुळे तो बदलणेही सोपे नसते. कार्ड घेण्याआधी कॅबिनेटमधील जागा मोजपट्टीने मोजा. प्रोसेसर २०१३ चा आहे, त्यामुळे फार महागाचे कार्ड त्यात लावू नका. नंतर संगणक बदललात तरी कार्ड सोबत नेता येईल.

प्रश्न : रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० आहे. मित्राने आरटीएक्स ५०७० घेतले, मीही घ्यावे का? मॉनिटर जुनाच, १०८०पी आणि ६० हर्ट्झचा आहे. (एक वाचक, पुणे)

तुमचे गेम ६० च्या वर फ्रेम देत असतील तर तुमच्या मॉनिटरवर त्या वाढीव फ्रेम पूर्णपणे दिसतच नाहीत. नव्या कार्डामुळे आकडा वाढेल, चित्र जवळपास तेच राहील. आधी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर घ्या, शक्य असल्यास १४४०पी चा. त्यानंतरही तुमच्या आवडीच्या गेममध्ये ३०६० कमी पडते असे मोजमापात दिसले तरच कार्डाचा विचार करा. मॉनिटर आल्यावर केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये न लावता कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमध्ये लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १४४ किंवा १६५ निवडा, कारण पुष्कळदा तो आपोआप ६० वरच ठेवलेला असतो.