बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्स की कॉस्मेटिक डेन्टिस्ट्री?

प्रश्न : माझी मुलगी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस करायचं आहे. आमचे एक नातेवाईक म्हणतात, आणखी तीन वर्षं आणि लाखो रुपये कशाला घालवता, सहा महिन्यांचा कॉस्मेटिक डेन्टिस्ट्रीचा कोर्स करून दवाखाना टाकू द्या. शेवटी दोन्हीकडे दात सुंदरच करायचे असतात. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. काय करावं? – एक पालक

नमस्कार,

तुमच्या नातेवाइकांना मुलीची काळजी आहे हे दिसतंच. पण ते ज्या दोन गोष्टींची तुलना करताहेत त्या एका पातळीवरच्या नाहीत. ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे तारा वगैरे लावून वाकडे दात आणि जबडे नीट करण्याचं शास्त्र, ही एमडीएसची, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर पदवीची, शाखा आहे. आपल्याकडे एमडीएसच्या नऊ शाखा आहेत आणि त्यांत कॉस्मेटिक डेन्टिस्ट्री नावाची शाखा नाही. अमेरिकेतही तिला अधिकृत विशेष शाखेचा दर्जा नाही. दात पांढरे करणं, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरून फट बुजवणं, व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) लावणं, झिरकोनिया या पांढऱ्या, टणक पदार्थाची कॅप बसवणं ही कामं बीडीएस डॉक्टर रोज करतात. ती खोलात शिकायची असतील तर कॉन्झर्व्हेटिव्ह डेन्टिस्ट्री (किडलेले-तुटलेले दात भरून वाचवणं) किंवा प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये (कॅप, ब्रिज, कवळी बसवणं) एमडीएस करावं लागतं, आणि तेही तीनच वर्षांचं. म्हणजे मुलीपुढचा खरा प्रश्न या तीन शाखांमधल्या निवडीचा आहे. सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र ही पदव्युत्तर पदवी नव्हे. त्यावर विशेषज्ञ म्हणून पाटी लावता येणार नाही.

आता दोन्हीकडचं काम कसं असतं ते बघू, कारण निवड त्यावरच व्हायला हवी.

तारांनी दात ओढला जातो असं आपण म्हणतो, पण बदलतं ते भोवतीचं हाड. तारेचा हलका दाब सतत राहिला की ज्या बाजूला दात ढकलला जातो तिकडचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. या क्रियेला तिचा वेळ द्यावाच लागतो. घाईने जास्त जोर लावला तर दाताचं मूळ झिजू शकतं. म्हणून साधारण दीड ते दोन वर्षं उपचार चालतात आणि नंतर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो. तारा बसवण्याआधी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढून त्यावर रेषा आणि कोन मोजायचे, वरचा जबडा पुढे आहे की खालचा मागे आहे ते ठरवायचं, चार दात काढायचे की न काढता भागेल याचा निर्णय घ्यायचा, यात ऑर्थोडॉन्टिस्टचं निम्मं डोकं जातं. खालचा जबडा मागे राहिलेलं मूल वाढीच्या वयात आलं तर काढता-घालता येणाऱ्या उपकरणाने त्या वाढीचा फायदा घेता येतो. तेच मूल विशीत आलं तर कदाचित शस्त्रक्रियाच उरते. दुभंगलेले ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या उपचारातही, काही ठिकाणी पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीपासून, ऑर्थोडॉन्टिस्ट असतो. हे सगळं ‘दात सुंदर करणं’ या शब्दांत मावत नाही.

कॉस्मेटिक कामाची तऱ्हा निराळी. इथे काम तासांत किंवा दिवसांत संपतं आणि हात व नजर यांची कसोटी लागते. रंग जुळवणंच घ्या. शेड गाइडची पट्टी दाताशेजारी धरून रंग ठरवतात तो काम सुरू करायच्या आधी, दात ओला असताना आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात. कारण तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात कोरडा पडून फिकट दिसायला लागतो आणि मग जुळवलेला रंग दुसऱ्या दिवशी उठून दिसतो. ज्याला अशा बारकाव्यात रस आहे त्याच्यासाठी हे फार समाधानाचं काम आहे.

एका बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. व्हेनिअर किंवा कॅपसाठी दात घासावा लागतो, आणि घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पुन्हा येत नाही. पुढच्या महिन्यात लग्न आहे म्हणून पंचविशीतल्या मुलीचे वाकडे पण निरोगी दात घासून आठवड्यात ‘सरळ’ करून देणं मला पटत नाही. त्या कॅप्स आयुष्यभर टिकत नाहीत. पुढे त्या बदलत राहाव्या लागतात. अशा पेशंटला ‘आधी तारा लावू’ किंवा ‘हे करू नका’ असं सांगायला ज्ञान तर लागतंच, शिवाय महिन्याची कमाई बुडवायची तयारीही लागते. घाईत केलेल्या छोट्या कोर्समध्ये नेमकं हेच शिकायचं राहून जातं.

तुमच्या जिल्ह्यापुरतं एक सांगतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथली मुलं दातांवर पांढरट-तपकिरी डाग घेऊन मोठी होतात आणि तोंडावर हात ठेवून हसतात. हे डाग काढणं किंवा झाकणं ही तिथली खरी गरज आहे, आणि बरेचदा ते थर घासून, ब्लीचिंग करून किंवा कॉम्पोझिटने, दात फारसा न कापता होतं. मुलगी पुढे कुठल्याही शाखेत गेली तरी इंटर्नशिपमध्ये हे काम तिने मन लावून शिकावं. ऑर्थोडॉन्टिस्ट झाल्यावरही ते तिला करता येईल.

घरबसल्या अलाइनर, म्हणजे दात सरकवणारे प्लॅस्टिकचे पारदर्शक ट्रे, मिळतात, मग ऑर्थोडॉन्टिस्ट कोणाला लागणार, असंही तुमच्या कानावर येईल. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी असेच अलाइनर ग्राहकांच्या घरी पाठवायची. डिसेंबर 2023 मध्ये ती बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. ट्रे यंत्र बनवतं, पण दात कुठे आणि कोणत्या क्रमाने न्यायचा हे ठरवायला जाणकार लागतोच.

पैशांचं म्हणाल तर खासगी महाविद्यालयाची फी खरोखर जड आहे. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे फी कमी आणि पेशंट भरपूर. मात्र ऑर्थोच्या जागा कौन्सेलिंगमध्ये लवकर संपतात, त्यामुळे नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेची तयारी इंटर्नशिपसोबतच सुरू व्हायला हवी. एमडीएसनंतर लगेच स्वतःचा दवाखाना टाकायची गरज नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तालुक्यांत बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट ठरलेल्या वारी वेगवेगळ्या दवाखान्यांत कन्सल्टंट म्हणून जातात. सुरुवातीचं भांडवल वाचतं.

मुलीने एक करून बघावं. ऑर्थोच्या पोस्टिंगमध्ये पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थ्यांजवळ बसून टायपोडॉन्टवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम जबड्यावर, हात चालवायला मागावा. त्यात मेणात बसवलेले दात असतात. तार वाकवून लावायची आणि गरम पाण्यात बुडवायचं, की मेण मऊ होऊन दात हलतात. तार जरा चुकली तर दात भलतीकडे जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ते पुन्हा करताना ती वैतागते की रमते, हे तिचं तिलाच कळेल. रमली, तर नातेवाइकांना नम्रपणे नकार द्या. वैतागली आणि रंग-आकाराच्या कामात जास्त खुलली, तर कॉन्झर्व्हेटिव्ह किंवा प्रोस्थोचा विचार करा. आणि घरच्या परिस्थितीमुळे आत्ता छोटा कोर्सच करावा लागला, तर फी भरण्याआधी एवढंच विचारा : स्वतःच्या हाताने किती पेशंटवर काम करायला मिळेल, की नुसतं मॉडेलवर?