कायद्याचा सल्ला : दवाखान्यातला आजार आणि कोर्टातला आजार

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहोत. माझ्या थोरल्या भावाला काही वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. जळगावला त्याचे उपचार चालू होते, पण गेल्या पावसाळ्यानंतर त्याने गोळ्या घेणे सोडून दिले. आमचे चुलतकाका विहिरीच्या पाण्यात विष कालवतात आणि आपला जीव घेणार आहेत, असे तो वारंवार म्हणू लागला. वीज रात्रीची असल्याने तो केळीला पाणी धरायला गेला होता. तिथेच त्याने काकांच्या डोक्यात फावडे घातले आणि काका जागीच गेले. भाऊ पळाला नाही. हौदावर फावडे धुऊन तो सकाळपर्यंत बांधावर बसून होता. आता तो न्यायालयीन कोठडीत आहे. गावात लोक म्हणतात, 'वेड्याचं सर्टिफिकेट काढतील अन् सोडवून आणतील.' डॉक्टरांचे सगळे कागद आमच्याजवळ आहेत. तेवढ्यावर तो सुटेल का? न सुटल्यास त्याला फाशी होईल का?

उत्तर : केवळ डॉक्टरांच्या कागदांवर आपला भाऊ सुटणार नाही, हे प्रथम स्पष्ट सांगतो, कारण खोट्या आशेवर बसून राहिल्याने अशा खटल्यांत मोलाचे पहिले महिने वाया जातात. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम 84 आता भारतीय न्याय संहितेत कलम 22 म्हणून आले आहे. 1 जुलै 2024 पासून संहिता बदलली असली तरी कसोटी तीच राहिली आहे. कृत्य करताना, मनोविकलतेमुळे, आपण काय करत आहोत हे किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे हे समजण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. या वाक्यातील सारा भार 'करताना' या शब्दावर आहे. माणूस आजारी आहे का, हे डॉक्टर सांगतात. त्या रात्री, त्या विहिरीवर, फावडे उचलताना त्याला काय कळत होते, हे न्यायालय पाहते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 मध्येही स्पष्ट म्हटले आहे की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणालाही मनोविकल समजता येणार नाही.

ही बाब सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकार पक्षाच्या भाराइतका जड नसतो. आपली बाजू अधिक संभाव्य आहे एवढे दाखवणे पुरते. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात याच्याही पुढे जाऊन सांगितले की, मनोविकलता पूर्णपणे सिद्ध झाली नाही, तरी आरोपीच्या हेतूबद्दल वाजवी शंका निर्माण होत असेल तर तिचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटेल तो 2002 सालचा निर्णय महाराष्ट्रातीलच आहे. एका पोलीस शिपायाने दिवसाढवळ्या पोलीस वसाहतीतील राहत्या घरी पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला होता. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सोडले. तेथे केवळ निदानाचा कागद नव्हता. वडिलांनाही मनोविकार होता, आरोपीवर घटनेच्या आधीपासून उपचार चालू होते, घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारांसाठी न्यावे लागले होते, हेतू फारच दुबळा होता आणि त्याने पळण्याचा किंवा काही लपवण्याचा प्रयत्न केला नव्हता. घटनेच्या आधीचे, घटनेच्या वेळचे आणि नंतरचे वर्तन अशी ती सलग साखळी होती. आपल्या वकिलांनाही अशीच साखळी उभी करावी लागेल.

आता फावडे धुतल्याची गोष्ट. आपण ती एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण खटल्यात तिच्यावर तासभर युक्तिवाद होईल. सरकारी वकील म्हणतील की, रक्त धुणे म्हणजे पुरावा नष्ट करणे आणि ज्याला पुरावा नष्ट करायचे सुचते त्याला आपण चूक केल्याचे कळते. बचाव पक्षाला दाखवावे लागेल की, बारे देऊन झाले की फावडे हौदावर धुऊन ठेवणे ही त्या माणसाची वर्षानुवर्षांची सवय होती आणि ज्याला लपवायचे असते तो प्रेताजवळ बांधावर उजाडेपर्यंत बसत नाही. सकाळी त्याला प्रथम कोणी पाहिले, तो काय बोलला, 'काका मला मारणार होते' असे म्हणाला का, की जमिनीच्या वाटणीबद्दल बोलला, हे साक्षीदारांच्या तोंडून आले पाहिजे. जीव वाचवण्यासाठी वार करत आहोत असा भ्रम असणे आणि जुन्या रागातून सूड घेणे यांत कायदा मोठा फरक करतो. भाऊबंदकीचा वाद असल्यास तो लपवू नका; उलटतपासणीत तो निघाल्यास साखळीतील चांगले दुवेही तुटतात.

एक काम याच आठवड्यात करा. मनोविकाराचा पूर्वेतिहास तपासात पुढे आला, तर प्रामाणिक तपास अधिकाऱ्याने आरोपीची वैद्यकीय तपासणी तत्काळ करून घेऊन तो पुरावा न्यायालयापुढे ठेवला पाहिजे, तसे न केल्यास सरकार पक्षाच्या बाजूत गंभीर उणीव राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. म्हणून सर्व केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शक्य असल्यास औषध दुकानाची बिले जोडून तपास अधिकारी, न्यायदंडाधिकारी आणि कारागृह अधीक्षक यांना लेखी अर्ज द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. घटनेनंतर सहा महिन्यांनी केलेली तपासणी त्या रात्रीबद्दल फार थोडे सांगते.

आपला भाऊ आज खटला समजण्याच्या स्थितीत नसेल, तर तो वेगळा मुद्दा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 पासून पुढे त्याची कार्यपद्धती दिली आहे. तशा स्थितीत खटला थांबतो, आरोप मिटत नाही.

'सोडवून आणतील' हा गावातला समजही खरा नाही. मनोविकलतेच्या कारणावरून दोषमुक्त करताना, आरोपीने ते कृत्य केले होते की नाही, हे न्यायालयाला निकालात लिहावे लागते. केले असेल, तर त्याला सुरक्षित देखरेखीखाली ठेवण्याचा किंवा जबाबदारी व हमी घेणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवण्याचा आदेश होतो. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खान्देशातून भेटीला जायचे म्हटले तरी दिवस मोडतो. तो घरी आलाच, तर गोळ्यांची जबाबदारी हमी देणाऱ्यावर, म्हणजे बहुधा आपल्यावरच येईल.

फाशीविषयी : खुनाला फाशी किंवा जन्मठेप अशी शिक्षा आहे, पण फाशी विरळात विरळ प्रकरणांसाठी राखलेली आहे आणि शिक्षा ठरवताना आजार विचारात घेतला जातो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मनोविकार हे फाशी कमी करण्याचे कारण मानले, तर 2019 साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात शिक्षेनंतर उद्भवलेल्या गंभीर आजारामुळे फाशी रद्द केली. कलम 22 चा बचाव फसला, तरी आजाराचे कागद वाया जात नाहीत.

आपल्या पत्रात काकूंचा उल्लेख नाही, तरीही लिहितो. निकाल दोषमुक्तीचा लागला, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली न्यायालय त्यांच्या भरपाईची शिफारस करू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांना आपणच घेऊन गेलात, तर माझ्या मते ते योग्य होईल. दोन्ही घरांना पुढेही एकाच विहिरीचे पाणी वापरायचे आहे.

प्रश्न : मग उद्या कोणीही वेडाचे सोंग घेऊन खून पचवेल. हा बचावच रद्द का करत नाहीत? (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : ही शंका जुनी आहे. 1843 साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांना मारायच्या भ्रमात त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. तो सुटला तेव्हा राणी व्हिक्टोरियासह सारा देश संतापला आणि त्या संतापातून उमरावांच्या सभागृहात न्यायाधीशांनी जी सूत्रे सांगितली, त्यांच्यावरच आपले कलम 84 बेतले गेले. मॅकनॉटन मात्र घरी गेला नाही. 1865 साली मृत्यू येईपर्यंत तो वेड्यांच्या इस्पितळातच होता. आपल्याकडेही हा बचाव घेणारे पुष्कळ आणि त्यात यशस्वी होणारे थोडे. सोंग वठवायचे तर ते घटनेपूर्वीच्या केसपेपरांतही वठवावे लागेल. माझी तक्रार उलट आहे. ही कसोटी केवळ 'कळत होते का' एवढेच विचारते. कळत असूनही आवरता येत नव्हते, अशा रुग्णाला तिच्यात जागा नाही आणि जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही चौकट 2023 ची संहिता लिहितानाही बदलली गेली नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने हा बचाव पुष्कळसा काढून टाकला आणि 2020 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तो मार्ग मला अनुकरणीय वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा औषधे घेत नाही आणि अंगावर धावून येतो. शेजारी म्हणतात, भगताकडे न्या किंवा साखळीने बांधा. (एक आई, धुळे जिल्हा)

उत्तर : बांधू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधून मारहाण करणे हा राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात मुलाची संमती नसतानाही, आपल्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केल्यावर, मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 89 प्रमाणे त्याला तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. तो हिंसक झाल्यास पोलिसांना बोलवा. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत शासकीय रुग्णालयात नेणे हे कलम 100 नुसार त्यांचे कर्तव्य आहे आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्यात टाळाटाळ झाली, तर या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि त्याची एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात देऊन पोच घ्या.