तो गच्चीवर चढला होता का?

मे महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांनाही ओल लागते. निम्मी पत्रं गळतीची आणि उरलेली कंत्राटदाराची. सव्वीस वर्षं मी नाशिकमध्ये साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, त्याआधीचं लहानपण गवंडी वडिलांच्या घमेल्याजवळ गेलं. त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी मला पाठ आहेत. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. पत्रं मोठी होती, मुद्द्यापुरती ठेवली.

प्रश्न : सिडकोत पवननगरला आमचं घर आहे. मूळ घरावर वडिलांनी नंतर एक मजला चढवला. गच्ची ६०० चौरस फूट. मागच्या पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात आणि जिन्यात गळालं. तिघांकडून भाव घेतले : १८ हजार, ४२ हजार आणि ७५ हजार. तिघंही गॅरंटी देतात. घरच्यांचं म्हणणं, मधला घेऊन टाका. ताई, तुम्ही काय म्हणता?

मधला घ्यायची आपल्याला सवयच आहे, भाजी घेतानाही आपण तेच करतो. पण हे तीन भाव एका कामाचे नाहीतच. ६०० ने भागून बघा. फुटाला ३०, ७० आणि १२५ रुपये. तिसात माणूस गच्ची झाडेल, ब्रशने केमिकलचे दोन हात मारेल आणि जाईल. सत्तरवाला बहुधा भेगा कापून भरेल, फुटलेला भाग काढेल आणि जाळी घालून कोटिंग करेल. सव्वाशेवाला नवा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर, म्हणत असणार. हा माझा अंदाज, कारण तिघांनीही तुम्हाला फक्त आकडा दिलाय. कामात काय काय धरलंय ते एकानेही लिहून दिलेलं नाही.

मला तुमच्या पत्रात एकच गोष्ट शोधायची होती, तीच सापडली नाही. तिघांपैकी गच्चीवर कोण चढलं?

खालून छताकडे बघून भाव सांगणारा माणूस डागाचा भाव सांगतो. गळती डागाच्या बरोबर वर असेलच असं नाही. पाणी स्लॅबमधून सळईच्या आधाराने चार-सहा फूट सरकतं आणि मग सापडेल तिथे उतरतं. तुमच्याकडे कोपरा आणि जिना म्हणताय, म्हणजे मी आधी दोन जागा बघेन. एक, पावसाच्या पाइपचं तोंड. तिथे स्लॅब आणि पाइप यांच्यात बोटभर फट असते आणि वर पानं अडकलेली असतात. दुसरी, जिन्याच्या खोलीची भिंत गच्चीला जिथे टेकते ती रेघ. तिथे आणि कठड्याच्या बुडाशी वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारलेला असतो. हातोडीच्या दांड्याने त्यावर ठोकत जा. भरीव असेल तिथे ठक्क वाजतं, सुटलं असेल तिथे रिकाम्या डब्यासारखं. आमचे अण्णा हातोडी नसली तर नाण्याने वाजवून बघायचे. दहा मिनिटांचं काम आहे, तुम्हीही करू शकता. वाटा फक्त आठ-दहा फूट सुटला असेल तर तुमचं काम या तिन्ही भावांच्या खालीही होऊन जाईल.

आणखी एक. ७५ हजारवाल्याला विचारा, जुना कोबा काढणार की त्याच्यावरच नवा घालणार? चार इंचाचा कोबा ६०० फुटांवर म्हणजे दहा टनांच्या आसपास वजन होतं. खालच्या घरावर मजला चढवताना कॉलम काय घेतले, पाया किती होता, हे वडिलांना आठवत असेल तर ठीक. नाहीतर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या घराच्या डोक्यावर दहा टन ठेवू नका.

गॅरंटीचं म्हणाल तर पाच वर्षांची गॅरंटी देणाऱ्याचा फोन नंबर पाच वर्षं टिकतो का, ते आधी बघा. त्यापेक्षा काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास उभं करा आणि खाली बसून छत बघा. शेवटचे दहा टक्के पैसे दोन मोठे पाऊस होईपर्यंत तुमच्याकडे राहतील, हे कामाआधीच बोलून घ्या. चांगला माणूस कुरकुर करेल, पण कबूल होईल. काम झाल्यावर ही अट काढलीत तर मात्र भांडण होईल आणि त्यात चूक तुमची असेल.

प्रश्न : गंगापूर रोडला फ्लॅट आहे. बाथरूमचं काम १ लाख ४० हजारांना ठरलं. कंत्राटदाराने ८० हजार आधी घेतले, तीन दिवसांत सगळं फोडलं आणि आता अठरा दिवस कोणी फिरकलेलं नाही. 'माणसं गावाला गेलीत', एवढंच उत्तर. आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातो.

तुमचं पत्र वाचून मी माझ्या ओट्याकडे बघितलं. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधीची गोष्ट. शहरभर कामं निघाली होती आणि गवंडी मिळत नव्हता. ओळखीच्या एकाला मी, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर हप्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने, कागद न करता ४० हजार रोख दिले. ओळखीचा माणूस, कशाला कागद! तो महिनाभर गायब झाला. मग एका संध्याकाळी घाईघाईने ग्रॅनाइट बसवून गेला. ओट्याचा उतार सिंककडे हवा, तो भिंतीकडे आहे. इतकी वर्षं झाली, रोज रात्री भांडी झाली की मागच्या कडेचं पाणी घडी केलेल्या फडक्याने टिपते. ते फडकं खिळ्याला टांगलेलंच असतं. मुलगा त्याला 'आईचं ॲग्रिमेंट' म्हणतो.

तुमच्याकडे काय झालं असेल ते सांगते. त्याचे तीन साइट आणि माणसांची एकच जोडी. आधीच्या साइटवर पैसे अडकलेले. तुमच्या ८० हजारांतून दुसऱ्या कुणाच्या तरी टाइल्स आल्या. तो लबाडच असेल असं नाही, पण त्याची ओढाताण तुमच्या पैशावर चाललीय, हे खरं.

आता आज काय करायचं. प्रथम बाथरूमचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. दुसऱ्या गवंड्याला बोलावून झालेल्या कामाचं माप आणि अंदाजे किंमत लिहून घ्या. तोडफोड आणि राबिट (फोडलेला मलबा) उचलणं धरून ८० हजारांपैकी किती फिटले ते कळेल. मग कंत्राटदाराला फोन नको, लेखी मेसेज करा : अमुक तारखेला इतके दिले, अमुक तारखेपासून काम बंद आहे, सात दिवसांत सुरू न झाल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन फरक तुमच्याकडून मागू. भाषा सभ्य ठेवा. हा मेसेज पुढे दुसरंच कुणी वाचणार आहे असं समजून लिहा. माझ्या अनुभवात निम्मी माणसं या मेसेजने परत येतात.

नाहीच आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पैसे घेऊन केलेलं असं काम ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा ठरतं, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. रोख दिले असतील तर पावती शोधा, ऑनलाइन दिले असतील तर तुमचं नशीब बरं.

पुढच्या वेळी पैसे कामाच्या मागून चालले पाहिजेत. सामान आणायला थोडी उचल द्यावी लागते, ती द्या. मग तोडफोड आणि आतले पाइप झाले की एक हप्ता. वॉटरप्रूफिंग झालं, नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं तोंड, बंद करून २४ तास पाणी भरलं, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली नाही, की दुसरा. टाइल्सला तिसरा. पाणी भरलेलं असताना खालच्या वहिनींकडे स्वतः जाऊन बघा. टाइल्स लागल्यावर चूक सापडली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

प्रश्न : नाशिक रोडला जुन्या घराला आतून गिलावा करायचाय. लेबर रेटने (सामान आपलं, त्यांची फक्त मजुरी) द्यावं की मटेरियलसकट?

घरात कुणी दिवसभर असेल आणि त्याला मोजायचा कंटाळा नसेल तर लेबर रेट. नसेल तर मटेरियलसकट, पण सिमेंटचं नाव आणि मालाचं प्रमाण लिहून घेऊन. आतल्या गिलाव्याला एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) चालतं, आणि अर्ध्या इंचाच्या थराला शंभर चौरस फुटांमागे पाऊण ते एक गोणी लागते. कुणी दोन गोण्या सांगितल्या तर भिंत वाकडी आहे किंवा गोणी दुसरीकडे चाललीय. गोणीवर कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी परत पाठवा.

क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची, ट्रॉली आली की ओतायच्या आधी टेप लावा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. परवाच एका ठिकाणी मी मोजली : लांबी १० फूट, रुंदी साडेपाच, भराव दीड. साडेब्याऐंशी घनफूट भरले, बिल एका ब्रासचं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सगळे एवढ्यालाच ब्रास म्हणतात." आणि त्याचं ते खरंच होतं!

पाणी मारायचं काम मात्र कंत्राटदारावर सोडू नका. निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंत भिजली पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्याची हवा कोरडी, दुपारपर्यंत भिंत पांढरी पडते. हे काम आजोबांना द्यावं. आमच्याकडे तसंच असायचं, आणि त्यांना ते आवडायचंही.

प्रश्न : पंचवटीत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. खालच्या भिंतींचा गिलावा पडतोय. कंत्राटदार म्हणतो, सगळं खरवडून पक्कं सिमेंट मारू, पन्नास वर्षं बघायला नको.

नको. या एका पत्राला मी फोनवरूनच उत्तर देणार होते.

तुमच्या भिंती विटा, माती आणि चुन्याच्या. जोत्याला काळा पाषाण असेल. अशा भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सुकून जाते. तिच्यावर सिमेंटचं चिलखत चढवलं की ओलीला वाट राहत नाही. ती आणखी वर चढते, मग आज तीन फुटांवर असलेला लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा खारा पांढरा थर, सहा फुटांवर दिसतो. आत विटेचा भुगा होत राहतो, बाहेरून भिंत टणटणीत. एक दिवस सिमेंटचा पापुद्रा अख्खा सुटून येतो आणि त्याच्यासोबत विटेचा दर्शनी भागही. असं मी जुन्या नाशकात एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा. महाग पडेल, वेळ लागेल, चुना आधी भिजत घालावा लागतो. कंत्राटदाराला 'चुना कितीदा केलाय, कुठे बघायला मिळेल?' असं विचारा आणि ती जागा बघून या. त्याने विषय बदलला तर चहा पाजून निरोप द्या. आणि गिलाव्याच्या आधी खांब-तुळयांची वाळवी तपासा. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी लागलं की तुमच्या उंबऱ्याशी येतं का, तेही मला कळवा. पुराचं पाणी भिंतीत शिरत असेल तर उत्तर थोडं वेगळं आहे. महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आली असेल तर मात्र गवंडी नंतर, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

प्रश्न : हसू नका. काम करणाऱ्यांना रोज दोनदा चहा द्यायचा का? सासूबाई म्हणतात द्यायचाच, नवरा म्हणतो ठरलेल्या रेटमध्ये सगळं आलं. – इंदिरानगर

हसले, माफ करा. द्यायचा. सासूबाईंचं बरोबर आहे.

पण अकराच्या चहाला स्वतः कप घेऊन जा, पाठवू नका. त्या पाच मिनिटांत हात थांबलेले असतात आणि काम दिसतं. गेल्या महिन्यात एका घरी मी असाच चहा न्यायला लावला. टाइल्सवाला कप घ्यायला उठला तेव्हा वहिनींना टाइलच्या मागची बाजू दिसली. माल फक्त मधोमध गोळा करून लावला होता, चारी कोपरे रिकामे. दोनच ओळी लागल्या होत्या. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "दादा, कोपऱ्यात माल नाही भरत का?" तो एकदा कपाकडे बघून गप्प बसला, चहा संपवला, आणि दोन्ही ओळी स्वतःच काढल्या. साखर थोडी जास्त घाला, त्यांना गोड लागतो.